शेजारची बखळ : औसा तालुक्यातल्या एका खरेदीचं प्रकरण

औसा तालुक्यातल्या एका गावात, जुन्या गावठाणात, एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षकांचं घर आहे. इथं त्यांना गुरुजी म्हणतो. घराच्या उत्तर भिंतीला लागून ३२ बाय ४० फुटांची, म्हणजे १,२८० चौरस फुटांची बखळ, म्हणजे पडक्या घराची मोकळी जागा. पूर्वी तिथं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या घराच्या दगडमातीच्या भिंती बसल्या. पूर्ण हलवलेल्या ५२ गावांत हे गाव नव्हतं, त्यामुळे गावठाण जागेवरच राहिलं. पण बखळीचे मालक अप्पा घर पुन्हा न उभारता भोसरीला, नोकरीतल्या थोरल्या मुलाकडे, दादांकडे गेले. ते परत राहायला आले नाहीत. २००३ मध्ये वारले.

त्यानंतर दर पावसाळ्यात उरलेल्या भिंतींची पांढरी माती वाहून गुरुजींच्या जोत्याशी साचायची आणि माजघरात ओल चढायची. येडी बाभूळ माजली, साप निघू लागले, गल्लीतला उकिरडा हळूहळू आत सरकला. गुरुजींच्या आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवेनात. त्यांच्यासाठी खाली एक खोली, न्हाणी आणि शोषखड्डा करायचा तर या जागेशिवाय दुसरी जागाच नव्हती.

मी औशाला वकिली करतो. हे काम माझ्याकडे होतं आणि दोन्ही घरांच्या संमतीनं, नावं वगळून, ते इथं मांडतो आहे. या व्यवहारात किंमत ठरायला एक बैठक पुरली. मालक कोण कोण आहेत हे कागदावर यायला मात्र वर्षाच्या वर गेलं, आणि बखळीच्या बहुतेक व्यवहारांत खरं काम तिथंच असतं.

फुकटात घेण्याचा विचार

गुरुजी आले ते विकत घ्यायच्या इराद्यानंच. त्यांच्या पुतण्याचं म्हणणं वेगळं होतं. "तीस वर्षं जागा आपणच वापरतोय. मग पैसे द्यायचे कशाला? नमुना आठला भोगवटादार म्हणून काकांचंच नाव लागलंय."

ते नाव खरंच लागलं होतं. ग्रामपंचायतीची कर आकारणी ठरावीक वर्षांनी नव्यानं होते. तशा एका आकारणीत बखळीसमोर मालक म्हणून अप्पा आणि भोगवटादार म्हणून गुरुजी अशी नोंद झाली होती. पण नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे. कर कोणाकडून वसूल करायचा एवढंच तो सांगतो, मालकी तो देत नाही. ग्रामसेवकाला सांगून नाव लावून घेतलं म्हणजे जागा झाली, या समजुतीवर माणसं घरं बांधतात आणि पुढची पंधरा वर्षं कोर्टात घालवतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की तो कागद कोणी अभिमानानं पुढे केला की मला काळजी वाटू लागते.

राहिला ताब्याचा प्रश्न. खासगी जागेवर १२ वर्षं विरोधी ताबा असेल तर मूळ मालकाचा हक्क संपतो, हे १९६३ च्या मुदत कायद्यात आहे. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजित कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असा ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो असं ठरवलं. पुतण्यानं ते मोबाइलवर वाचलं होतं. पण त्या निकालानं सिद्ध करायचं ओझं कमी केलेलं नाही. ताबा कधीपासून, तो उघड होता का, अखंड होता का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालकाचा हक्क नाकारून घेतलेला होता का, हे सगळं दावा करणाऱ्यानं दाखवायचं असतं.

इथं गुरुजींच्या पेटीतच उत्तर होतं. १९९४ चं एक आंतरदेशीय पत्र. अप्पांनी गुरुजींच्या वडिलांना लिहिलेलं: जागेवर लक्ष असू द्या, कडब्याची गंजी रचायला आमची हरकत नाही. शिवाय घरपट्टीच्या सगळ्या पावत्या. भरली गुरुजींनी, पण नाव अप्पांचं. परवानगीनं सुरू झालेला वापर कितीही वर्षं चालला तरी परवानगीचाच राहतो. वापरणारा उघडपणे मालकी नाकारत नाही आणि ते मालकाला कळत नाही, तोवर बारा वर्षांचं मोजमाप सुरूच होत नाही.

पुतण्यानं विचारलं, पत्र दाखवलंच नाही तर? गुरुजींनी माझ्याआधी उत्तर दिलं. "अप्पांनी विश्वासानं जागा सांभाळायला दिली होती. तो कागद लपवून मी त्या घरात आईला निजवू?" त्यानंतर हा विषय निघाला नाही.

याच सुमारास गावात स्वामित्व योजनेचं काम सुरू झालं. २४ एप्रिल २०२० ला जाहीर झालेल्या या योजनेत गावठाणाचं ड्रोननं मोजमाप होतं आणि चौकशी होऊन प्रत्येक मिळकतीची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड तयार होतं. मराठवाड्यातल्या गावठाणांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण गावठाणातल्या घरांना सातबारा नाही आणि बहुतेक ठिकाणी सिटी सर्व्हेही नव्हता. ड्रोन येण्याआधी हद्दी चुन्यानं आखायच्या असतात. दोन्ही जागांभोवती एकच रेघ मारावी असं सुचवणारे गावात पुष्कळ होते. गुरुजींनी बखळीची रेघ वेगळी मारून घेतली आणि भोसरीला फोन लावला: दादा, चौकशीला येऊन जा. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय मला हाच वाटतो. पुढची खरेदी त्यामुळेच शक्य झाली.

कागद मागे कुठवर जातो

दादा चौकशीला आले, अप्पांच्या मृत्यूचा दाखला दिला आणि पत्रिकेवर फक्त त्यांचंच नाव लागलं. भाऊ-बहिणींबद्दल चौकशीत काही नोंदलंच गेलं नाही. आता सरकारी कागदावर एकच नाव, माणूस विकायला तयार, गुरुजी घ्यायला तयार. पुष्कळ खरेदीखतं एवढ्यावरच होतात.

पण पत्रिकेवर नाव नसलं म्हणून बाकीच्या वारसांचा हिस्सा जात नाही. म्हणून आधी मूळ दस्त शोधायचं ठरवलं. ऑनलाइन शोधात जुने दस्त मिळतीलच असं नाही. शिवाय लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींसाठी धाराशिवपर्यंत चौकशी करावी लागते. शेवटी १९६८ चं नोंदणीकृत खरेदीखत सापडलं. अप्पांनी जागा स्वतःच्या पैशानं घेतली होती. त्यात आधीच्या मालकाच्या निजामकाळातल्या उर्दू दस्ताचा उल्लेख होता. त्याची नक्कल विकणाऱ्यांच्या वारसांकडे निघाली आणि एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ती वाचून दिली.

उर्दू दस्त वाचायचा खटाटोप कशाला, असं गुरुजींच्या मुलाला वाटलं. मराठवाड्यात तो करावाच लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात देवस्थान इनाम, मदतमाश (उपजीविकेसाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या) अशा जमिनी जागोजागी होत्या. १९५४ चा इनाम निर्मूलनाचा कायदा आला तरी त्यातल्या अनेकांच्या विक्रीवर आजही निर्बंध आहेत, काही वक्फ मिळकती आहेत. गावठाणाच्या कडेची घरं कधीकधी अशाच जमिनीवर निघतात. ही जागा खासगी होती, पूर्वापार घराची होती. ते वाचून झाल्यावर मी पुढच्या कामाला मोकळा झालो.

पाच वारस

अप्पांच्या पत्नी त्यांच्या आधी वारल्या होत्या. मृत्युपत्र नव्हतं. मुलं चार: दादा, धाकटा भाऊ, उदगीरला दिलेली आक्का आणि निजामाबादला दिलेली धाकटी बहीण. धाकटा भाऊ अप्पांच्या नंतर गेला. त्याची बायको लातुरात शिवणकाम करते, मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. जागा अप्पांच्या स्वकष्टाची, त्यामुळे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार चौघांना पाव-पाव. धाकट्याचा पाव हिस्सा त्याची विधवा आणि मुलगा यांच्यात निम्मा-निम्मा. म्हणजे खरेदीखतावर पाच जण हवेत, त्यातला एक अल्पवयीन.

भोसरीच्या बैठकीत २५० रुपये चौरस फुटांनी ३,२०,००० रुपये ठरले होते. ही किंमत शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यापेक्षा जास्त होती. दस्तात कमी दाखवून वरचे रोख द्यावेत अशी सूचना आलीच. ती तिथंच बाजूला ठेवली, कारण जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख इसार घेणं कायद्याला मान्य नाही आणि दस्तातली किंमत खोटी असली की भांडण झाल्यावर घेणाऱ्याचे खरे पैसे बुडतात.

दादांना पाच वारसांचं सांगितल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, बहिणींचं टेन्शन घेऊ नका. त्या हक्कसोड करून देतील. आपल्याच आहेत."

यावर मला थोडं थांबून लिहायचं आहे. हक्कसोडपत्र हा कायदेशीर दस्त आहे. सहहिस्सेदार दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात आपला हिस्सा सोडतो, दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. भावाला शेती कसायची आहे, राहायचं आहे आणि बहिणीला मनापासून द्यायचं आहे, तर त्यात वावगं काही नाही. पण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी ज्या बायका पाहतो त्यांतल्या अनेकींना आपण काय सोडतोय हे माहीत नसतं. साडीचोळी होते, माहेरचं दार उघडं राहील असं सांगितलं जातं, अंगठा होतो. इथं तर जागा घरात राहणारच नव्हती. ती रोख पैशाला विकायची होती आणि प्रत्येक बहिणीचे ८०,००० रुपये होत होते. मी दादांना स्पष्ट सांगितलं: बहिणी विकणाऱ्या म्हणून दस्तात येतील आणि त्यांचे पैसे त्यांच्याच खात्यात जातील, तर मी हा दस्त करतो.

गुरुजी पत्नीला घेऊन उदगीरला गेले. आक्कांनी चहा ठेवला आणि मग बोलल्या. "जागा इकायलेत तर इका, माझी ना न्हाई. पण मला कुणी इचारलं का? दादाचा फोन आला, अमुक तारखेला औशाला ये, सही करायची हाय. कशाची सही ते बी सांगितलं न्हाई." गुरुजींनी सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला. आक्कांना लिहिता-वाचता येतं. त्यांनी तो दोनदा वाचला. पैशाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी एक मागणी केली: पुढच्या दाराची सागवानी चौकट आपल्याला हवी. ती गुरुजींनी पूर्वीच उचलून आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती, नाहीतर वाळवीनं खाल्ली असती. पुढे खरेदीखतात घडीव दगड आणि तुळया जागेबरोबर घेणाऱ्याच्या, चौकट आक्कांची, असं कलमच घातलं. पडक्या घराच्या खरेदीत हे लिहायला लोक विसरतात, आणि मग जागा नीट जाते पण दगडांवरून तोंडं फिरतात.

धाकट्या बहिणीला निजामाबादहून वारंवार येणं जमणार नव्हतं. तिनं तिथल्याच निबंधक कार्यालयात मुखत्यारपत्र करून दिलं. ते दादांच्या नावे करण्याऐवजी आक्कांच्या नावे करावं असं मी सुचवलं. ज्याच्या हिश्शाशी आपल्या हिश्शाची गल्लत होऊ शकते, त्याच्याच हाती सही देऊ नये.

दादा काही दिवस नाराज होते. त्यांचीही बाजू होती. अप्पांचं शेवटचं आजारपण, दवाखाना, सगळं त्यांनी एकट्यानं काढलं होतं. बहिणींनी नंतर आपापल्या पैशातून काही रक्कम त्यांना दिली असं कळलं. तो त्यांचा आपसातला निर्णय. दस्तात हिस्से कायद्याप्रमाणेच राहिले, आणि त्याआधी मिळकत पत्रिकेवर पाचही नावांची वारस नोंद झाली.

चौदा वर्षांच्या मुलाचा आठवा हिस्सा

मुलाचे ४०,००० रुपये. या रकमेसाठी जिल्हा न्यायालयात जायचं का, असं सगळ्यांनीच विचारलं. आईची सही पालक म्हणून घेऊन मोकळं व्हा, असा सल्ला त्यांना बाहेर मिळालाही होता.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ सांगतं की नैसर्गिक पालकाला, म्हणजे आईलासुद्धा, मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीला हे कलम तसंच्या तसं लागू होत नाही. पण इथं जागा अप्पांच्या स्वकष्टाची होती आणि मुलाचा हिस्सा त्याचा स्वतःचा होता. परवानगीविना झालेली विक्री मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकतो. म्हणजे गुरुजींनी बांधलेल्या खोलीवर तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत टांगती तलवार. आणि गुरुजींचा धोका बाजूला ठेवला तरी, बापाविना वाढणाऱ्या मुलाचे पैसे कुठं जातात हे कोणीतरी पाहायला हवंच. कायद्यानं ते काम न्यायालयाकडे दिलंय ते योग्यच आहे.

आईतर्फे लातूरला अर्ज केला. न्यायालय गरज किंवा मुलाचा उघड फायदा पाहतं. जागा पडीक आहे, उत्पन्न शून्य, मुलाला आठव्या हिश्शात घर बांधता येणार नाही आणि भाव तक्त्यापेक्षा जास्त मिळतोय, एवढं शपथपत्रावर मांडलं. काही महिन्यांनी परवानगी मिळाली. अट अशी की मुलाची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेव म्हणून सज्ञान होईपर्यंत ठेवायची आणि पावतीची प्रत न्यायालयात द्यायची. आईला या अटीचं समाधानच वाटलं. "दीर मागतील, भाऊ मागतील, म्हणून भीती होती. आता कुणालाच देता येणार न्हाई," असं त्या म्हणाल्या.

जाहीर नोटिशीनंतर

लातूरच्या स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस दिली. मुदतीच्या शेवटी शेवटी अप्पांच्या चुलतभावाच्या मुलाची हरकत आली. सोबत १९९१ चा बॉण्ड: अप्पांनी १५,००० रुपये घेऊन ही जागा हरकत घेणाऱ्याच्या वडिलांना लिहून दिली होती, असं त्यात म्हटलेलं.

कायद्यानं तो कागद टिकणारा नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार १०० रुपये किंवा त्यावरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. बॉण्डवर लिहिलेलं, नोटरी केलेलं, दोघा पंचांच्या सह्या असलेलं, यातलं काहीही मालकी देत नाही. तो करार मानला तरी त्याची मुदत केव्हाच संपली होती, आणि ताबा तर त्यांचा कधी नव्हताच.

तरीही मी त्यांना नुसती उत्तराची नोटीस पाठवली नाही, समोर बोलावलं. भावकीतला माणूस हरकत घेतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात एखादी जुनी, न मिटलेली गोष्ट असते. दादांनी बॉण्डवरची सही ओळखली. अप्पांनी बहिणीच्या लग्नाला पैसे घेतले होते आणि तारण म्हणून तो कागद झाला होता, हे त्यांना आठवत होतं. पैसे परत गेले की नाही हे कोणालाच सांगता येईना. दादांनी आपल्या हिश्शातून १५,००० देऊ केले. समोरच्यानं व्याज मागितलं नाही. हरकत लेखी मागे घेतली आणि खरेदीखतावर संमती देणार म्हणून सहीही केली. कोर्टात मी ती हरकत उडवून लावू शकलो असतो. पण गुरुजींना त्याच गल्लीत राहायचं होतं.

मागच्या घराची वाट

हद्द कायम मोजणीत एक गोष्ट पुढे आली. बखळीच्या पूर्व कडेनं मागच्या घराची माणसं रस्त्यावर येतात, भूकंपाच्या आधीपासून. दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्कानं वहिवाट असेल तर वाटेचा हक्क मिळतो. गुरुजींनी कुंपण घातलं असतं तर दुसऱ्याच दिवशी दावा आला असता. चार फुटांची बोळ मोकळी सोडायचं ठरलं आणि तिचा उल्लेख चतुःसीमेत आणि नकाशात केला. १,२८० पैकी १६० चौरस फूट वापरातून गेले, पण मागच्या घरच्या म्हाताऱ्यांनी मोजणीच्या पंचनाम्यावर काही न बोलता सही केली.

खरेदी आणि नंतर

खरेदीच्या दिवशी औशाच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दादा, आक्का (स्वतःसाठी आणि बहिणीची मुखत्यार म्हणून), धाकटी सून (स्वतःसाठी आणि मुलाची पालक म्हणून) आणि संमती देणारा, अप्पांच्या चुलतभावाचा मुलगा, असे सगळे आले. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे ३,२०० रुपये. मुद्रांक शुल्क गुरुजींनी भरलं, थकलेली घरपट्टी दादांनी. पैसे वारसांच्या वेगवेगळ्या खात्यांत गेले आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक दस्तात लिहिला. आक्का टेम्पो घेऊनच आल्या होत्या. दस्त झाल्यावर त्या गुरुजींच्या घरी गेल्या आणि चौकट उदगीरला घेऊन गेल्या.

सूची क्रमांक २ ची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याची प्रत जोडून भूमी अभिलेख कार्यालयात फेरफाराचा अर्ज दिला. मिळकत पत्रिकेवर गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, दोघांची नावं लागली. ग्रामपंचायतीचा नमुना ८ त्यानंतर दुरुस्त झाला. मुदत ठेवीची पावती न्यायालयात दाखल केली.

राहत्या घराची आणि बखळीची मिळकत पत्रिका एक करावी का, असं गुरुजींनी विचारलं होतं. मुलगा पुढे घरावर कर्ज काढणार आहे. एकत्रीकरण केलं तर सगळीच जागा तारण पडेल, म्हणून तूर्त दोन्ही पत्रिका वेगळ्या ठेवल्या आहेत. आईच्या खोलीसाठी ग्रामपंचायतीकडे बांधकाम परवानगीचा अर्ज गेला आहे. त्याच्या नकाशात पूर्वेची चार फुटांची बोळ मोकळी दाखवली आहे आणि शोषखड्डा मागच्या घराच्या भिंतीपासून लांब, पश्चिमेच्या कोपऱ्यात घेतला आहे.